भोक वाचलं पाहिजे

श्रावण संपत आला होता. खानापुरात जांबोटी क्रॉसच्या अलीकडे गतिरोधक आला म्हणून मी हलका ब्रेक दाबला, आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाला आल्यावर पेडल पायाखाली गुरगुरलं. रस्ता कोरडा होता, खडी-वाळू नव्हती, चाक घसरायचं काही कारणच नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. आठवड्याभरात मीटरवरचा एबीएसचा पिवळा दिवा लागला तो लागलाच.

हा दिवा लागला म्हणून ब्रेक जात नाहीत. साधे ब्रेक पूर्ण असतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय बंद पडते. हे कळत होतं तरी मला चैन पडेना. आप्पांना दर पंधरा दिवसांनी बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. धाकटा भाऊ वास्कोला, त्यामुळे लोंढ्यावरून अनमोड घाट वर्षातून पाच-सहा वेळा ठरलेला. घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी तिच्या दिव्यांनीच कळते. आमची मोटार २०१६ सालची. तेव्हा एबीएस सक्तीचं नव्हतं. सगळ्या नव्या मोटारींना ते एप्रिल २०१९ पासून आलं. आम्हाला त्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं लागलं, आणि ते घ्यायला लावलं आप्पांनीच. "रेडिओ नसला तर चालंल, ब्रेकात पैसा वाचवू नको," एवढंच म्हणाले होते. आता तो दिवा पेटलेला असताना त्यांना शेजारी बसवून गाडी हाकणं मला जड जायला लागलं.

चारही चाकांजवळ एकेक छोटा सेन्सर असतो आणि चाक किती वेगानं फिरतंय हे तो सतत कळवत असतो. एखादं चाक बाकीच्या तिघांपेक्षा एकदम मंदावलं की ते जाम होतंय हे कंट्रोल युनिटला समजतं, आणि त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा धरला जातो, एका सेकंदात कितीतरी वेळा. जुन्या पद्धतीत फिरत्या भागावर दातेरी लोखंडी रिंग असते आणि सेन्सरात लोहचुंबक नि तांब्याची कॉइल. नव्या पद्धतीत सहसा दाते नसतात. बेअरिंगच्या सीलमध्येच एक चुंबकी रिंग बसवलेली असते, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशा आळीपाळीच्या ध्रुवांची, आणि डोळ्यांना ती साध्या काळ्या रबरासारखी दिसते. आमच्या गाडीत ही दुसरी तऱ्हा. सेन्सरचं टोक आणि ही रिंग यांच्यातलं अंतर जेमतेम मिलिमीटरभर. सेन्सरच्या कानाखाली, म्हणजे बोल्टासाठी बाजूला आलेल्या चपट्या भागाखाली, गंज साठून तो थोडा जरी वर उचलला गेला तरी मंद वेगात सिग्नल तुटायला लागतो. युनिटला वाटतं चाक थांबलं. पेडल गुरगुरत होतं ते याच्यामुळे.

माझ्याकडचा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएसचा कोड बघायला गॅरेजात जावं लागलं. तिथल्या मशीननं पुढचं डावं चाक दाखवलं. गॅरेजवाल्यानं वाकून टॉर्च मारली आणि सरळ सांगितलं: हा सेन्सर निघणार नाही, ओढला की तुटणार, आणि तुटला की नकल बेअरिंगसकट बदलावी लागणार. नकल म्हणजे ज्या ओतीव लोखंडी भागात चाकाचं बेअरिंग बसतं आणि ज्याला स्टिअरिंगचा रॉड जोडलेला असतो तो भाग. मजुरी धरून अकरा हजारांच्या आसपास. त्याचं मला चुकीचं वाटलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या गाडीपायी दोन दिवस घालवणं त्याला परवडणारं नाही. पण दोन दिवस माझ्याकडे होते. तुटका सेन्सर काढता येत असला तर चांगलं बेअरिंग भंगारात का घालायचं, असं मनात आलं आणि मी काम घरी करायचं ठरवलं.

नवा सेन्सर बेळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला, एक हजार आठशे पन्नास रुपयांना. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कन्नड, दुसऱ्याशी हिंदी आणि माझ्याशी मराठी बोलत एकाच वेळी तिघांना माल देत होता. तेवढ्या घाईतही त्यानं डावा की उजवा, पुढचा की मागचा हे दोनदा विचारलं. ते बरं झालं, कारण डब्या सारख्याच दिसत होत्या आणि वायरीची लांबी नि क्लिपांच्या जागा वेगळ्या होत्या. आणखी एक सांगून ठेवतो. या नव्या तऱ्हेच्या सेन्सरला मीटर लावून ओहम मोजत बसू नये. जुन्या कॉइलवाल्याचं तसं मोजून कळतं, यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याच्या ओहमवरून काहीच ठरत नाही. मी प्लग काढून, चावी फिरवून, गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज येतंय एवढं बघितलं. येत होतं. म्हणजे गाडीकडून वीज पोचत होती, आणि दोष सेन्सरच्याच बाजूला असण्याची शक्यता जास्त होती.

नवरात्र लागलं होतं, परतीचा पाऊस दुपारी चारला ठरल्यासारखा यायचा. शनिवारी माझी शाळा सकाळची असते. जेवण करून गाडी पडवीसमोर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावले, जॅक लावून टेकूची घोडी खाली सरकवली. आमच्या खानापुरात विटांना तोटा नाही, तरी कळकळीनं सांगतो, उचललेली गाडी विटांवर कधी टेकवू नका. वीट सूचना देत नाही, भाराखाली एकदम फुटते, आणि आपलं डोकं तेव्हा चाकाच्या जागी असतं.

चाक काढलं, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं. सेन्सर नकलेच्या पाठीमागे, दहा मिलिमीटर डोक्याच्या बोल्टानं धरलेला. बोल्टावर तेल मारून चहा घेऊन आलो आणि दहाची गोटी, म्हणजे सॉकेट, लावली तर बोल्ट सुरळीत निघाला. मला वाटलं झालं काम. सेन्सर बोटांनी फिरवून बघितला. हलला नाही. पकडीनं कान धरून फिरवला. नाही. मग मी जे करायला नको होतं ते केलं. कानाखाली स्क्रू ड्रायव्हर घातला आणि उचकटलं.

ऊस मोडल्यासारखा कोरडा आवाज झाला. कान, वायर आणि डोकं माझ्या हातात आलं, आणि बुंधा भोकात राहिला. अगदी लोखंडाच्या पातळीला तुटला होता. काळ्या प्लॅस्टिकच्या गोलात दोन तांबूस ठिपके दिसत होते, तुटलेल्या तारांची टोकं. धरायला कुठे काही उरलं नव्हतं. तो गोल बघत मी कितीतरी वेळ तसाच बसलो.

शेजारचे मामा कुंपणावरून बघत होते. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, गल्लीचे मामा. बेळगावात उद्यमबागला तीस वर्षांवर टर्नर म्हणून, लेथवर, काम केलेलं, रोज खानापुराहून सकाळची गाडी धरून. हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या शॉपात होते, त्यामुळे भोक या गोष्टीबद्दल त्यांना जेवढं कळतं तेवढं मला पुस्तकातून कधी कळणार नाही.

"काय करालास रे मघापासनं?"

मी तुटका तुकडा दाखवला.

त्यांनी चष्मा लावला, खाली बसले, टॉर्चनं बघितलं, नखानं कडेचा गंज खरवडला. "ओढलास न्हवं? जाम झालेलं ओढायचं नसतंय. गंजानं चारी बाजूंनी आवळलंय त्येला." मग जरा थांबून म्हणाले, "सेन्सर गेला तो गेला. त्येचं दुःख करू नको. भोक वाचलं पाहिजे."

माझ्या डोक्यात तोवर सगळा वेळ हा बुंधा कसा काढायचा हाच विचार होता. त्या वाक्यानं काम उलटं झालं. बुंधा कसाही निघू दे, तुकडे होऊन निघू दे, जळो त्याचं. नवा सेन्सर ज्या गोल, गुळगुळीत भिंतीत बसणार ती भिंत ओरबाडली जाऊ द्यायची नाही, आणि भोकाच्या पलीकडची चुंबकी रिंग दुखावू द्यायची नाही. पुढे प्रत्येक हत्यार हातात घेताना मी हाच प्रश्न विचारत गेलो.

ही पकड इतकी घट्ट का होते हेही मामांनी समजावलं, आणि रसायनशास्त्राशी ते तंतोतंत जुळतं. लोखंड गंजलं की त्याची जागा वाढते, मूळ धातूच्या कितीतरी पट. सेन्सर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही. गंजते ती भोकाची भिंत, आणि तो फुगलेला गंज आतल्या प्लॅस्टिकला आवळत जातो. आमच्या गाडीची पहिली तीन वर्षं वास्कोला भावाकडे गेली, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. नंतर ती इकडे आली आणि खानापूर तालुक्याचा पाऊस नि तांबडी माती तिच्या वाट्याला आली. कणकुंबी, जांबोटीकडच्या रस्त्यानं एक खेप झाली की चाकाच्या आत लाल चिखलाचा थर बसतो. तो महिनोन् महिने ओलावा धरून ठेवतो. आम्ही गाडी धुतो ती बाहेरून, तिथवर पाणी कुणी मारत नाही.

त्या संध्याकाळी आणखी काही करायचं नाही असं मामांनी बजावलं. बुंध्याच्या कडेकडेनं गंज उतरवणारं तेल थेंबाथेंबानं सोडलं, दर तासाला एकदा, झोपेपर्यंत. स्प्रे सरळ मारला नाही. ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर तेल गेलं तर नवीच आफत, म्हणून सिरिंजनं सोडलं आणि डिस्कला जुनं धोतर गुंडाळलं. ब्रेकचा रबरी पाइपही झाकला, असल्या तेलानं ते रबर फुगतं.

समोरच्या घरी गेटचं काम करायला आलेला वेल्डिंगवाला पोरगा सामान आवरताना डोकावून गेला. "बिसी माडोणेन्री मामा?" म्हणजे तापवूया का. लोखंड जाम झालं की तापवायचं, हे त्याच्या हाताला ठाऊक. मामांनी मान हलवली, "ब्याडप्पा, ओळग बेअरिंग ऐती." नको रे, आत बेअरिंग आहे. मी पुढं सांगितलं की बेअरिंगचं ग्रीस आणि सील जळेल ते वेगळंच, पण ती चुंबकी रिंग उष्णतेनं कामातून जाईल. प्लॅस्टिक वितळून भिंतीला चिकटलं तर भोकही गेलं.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली. आधी एक जुना उपाय करून बघितला. बुंध्यात लाकडाचा स्क्रू पिळून बसवला आणि त्याला पकडीनं धरून सरळ ओढलं. स्क्रू प्लॅस्टिकचा भुसा घेऊन बाहेर आला, बुंधा जागचा हलला नाही. रात्रभर तेल पाजूनही. म्हणजे पोखरण्यावाचून इलाज नव्हता. दुसरी एक वाट होती, ॲक्सलचा मोठा नट खोलायचा, ॲक्सल मागे ढकलायचा आणि आतल्या बाजूनं बुंधा ठोकून बाहेर काढायचा. पण त्यात जिथे ठोकायचं त्याच्या शेजारीच रिंग, आणि मला तो धोका नको होता.

पोखरायच्या आधी मोजमाप. हे मामांनी करायला लावलं आणि सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वात मोलाची. नवा सेन्सर डबीतून काढला, व्हर्नियरनं मोजला. कानाच्या खालच्या पातळीपासून टोकापर्यंत २७ मिलिमीटर, जाडी १८ला जराशी कमी. म्हणजे भोकात २७ मिलिमीटरवर सेन्सर संपतो आणि त्यानंतर मिलिमीटरभर हवा आणि मग रिंग. ड्रिलचं बिट २८ मिलिमीटर आत गेलं तर सगळं बेअरिंग गेलं. मामांनी बिटाला २० मिलिमीटरवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. "पट्टी लोखंडाला टेकली की हात वर. मनात काय बी येऊ दे, हात वर."

मधोमध पंचानं खूण केली, दोन तारांच्या बरोबर मध्ये. पहिलं भोक ३ मिलिमीटरचं, मामांच्या हातानं फिरवायच्या ड्रिलनं. विजेच्या ड्रिलनं वेग जास्त होतो, प्लॅस्टिक तापून मऊ पडतं आणि बिटाला चिकटतं. हाताच्या ड्रिलनं ते सुटं, कोरडं निघत होतं. बिटाला आधी ग्रीस फासलं, म्हणजे चुरा आत न पडता ग्रीसला चिकटून बाहेर येतो. चार-पाच फेरे, बिट बाहेर, फडक्यानं पुसायचं, पुन्हा ग्रीस, पुन्हा चार फेरे. काळे बारीक कुरळे तुकडे निघत, मध्येच तांब्याची एखादी चमकती तार. आधी मी फिरवत होतो आणि मामा बाजूनं बिट सरळ आहे का बघत होते, "वर जरा... वर... हां, तसंच." नंतर ते फिरवू लागले आणि मी बघायला बसलो. वळलेलं स्टिअरिंग, वाकलेली मान, मोकळ्या चाकाच्या जागेतून येणारा तेलाचा वास, यात नऊ कधी वाजले कळलं नाही.

३ नंतर ५, ५ नंतर ८. इथून पुढे विजेचं ड्रिल, अगदी मंद वेगावर. १० आणि शेवटी १३. त्याहून मोठं बिट आमच्या ड्रिलच्या चकमध्ये बसत नाही, आणि बसलं असतं तरी मी लावलं नसतं. आता लोखंडाच्या भोकात अडीच मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी उरली होती आणि तिच्या तळाशी सात मिलिमीटरची चकती.

मामांनी आरीचं जुनं पातं मोडून, ग्राइंडरवर घासून अरुंद केलं, एका टोकाला चिंधी बांधली. ते नळीत घालून आतून बाहेर असा चर पाडायचा, नुसत्या प्लॅस्टिकमध्ये. लोखंडाला पातं लागलं की आवाज बदलतो, हाताला कळतं. प्लॅस्टिकमध्ये ते खसखस करतं, लोखंडाला लागल्या लागल्या किंचित किरकिरतं. किरकिर आली की थांबायचं. वरच्या बाजूला एक चर, मग बोटभर सोडून दुसरा. एकेका चराला वीस मिनिटं गेली असतील, कारण पातं पुढं-मागं करायला जागाच दोन सेंटीमीटरची. आई तोवर दोनदा जेवायला हाक मारून गेली.

दोन्ही चर झाल्यावर मधल्या पट्टीच्या कडेला बारीक छिन्नी लावून ती आत, मोकळ्या भोकाकडे दाबली. बाहेर लोखंडाकडे नाही, आत. पट्टी करकरली आणि निघाली. तिच्या पाठीला गंज चिकटून आला होता, चिरोट्याच्या पदरांसारखा, एकावर एक पातळ थर, तांबडे आणि काळे. बोटांत दाबला की पदर सुटून भुगा होत होता. एवढ्याशा पापुद्र्यानं माझा सेन्सर मोडला होता. एक पट्टी निघाल्यावर उरलेल्या नळीला आवळायला कुणी राहिलं नाही. पकडीच्या टोकानं धरून ती आत दुमडली आणि अख्खी बाहेर आली.

उरली चकती. ही आत पडू द्यायची नव्हती, आत पडली तर रिंगेवर. तिच्या मधोमध ३च्या बिटाची चिमूटभर खोलगट जागा होतीच. तिथं बारीक स्क्रू हलक्या हातानं, अजिबात न ढकलता, अडीच फेरे बसवला. पकडीनं धरला. मी मामांकडे बघितलं. ते म्हणाले, "आता ओढ. सरळ." टप असा ओला आवाज झाला आणि चकती हातात आली. टोकाकडं गंज जवळजवळ नव्हताच, सगळी पकड वरच्या दीड सेंटीमीटरची होती.

टॉर्च मारून आत बघितलं. भोकाच्या तळाशी काळी, मऊ, अखंड रिंग दिसली. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

इथं मात्र मी मामांना थांबवलं, आणि त्यांनी ते लगेच मानलं, म्हणून मुद्दाम लिहितो. आत गंजाचा भुगा पडला होता. मामा घरातून स्पीकरचं जुनं चुंबक घेऊन आले. शॉपात लोखंडी कीस असाच काढतात. पण या रिंगेवर जे काही लिहिलेलं आहे ते चुंबकानंच लिहिलेलं आहे. जोरदार चुंबक जवळ नेलं तर तिचे ध्रुव बिघडू शकतात, आणि डोळ्यांना काहीच कळणार नाही. नवा सेन्सर बसवल्यावरही दिवा तसाच राहील. मामांनी ऐकून घेतलं, चुंबक परत पडवीत नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "मग कशानं काढायचं ते तू सांग."

आईनं देवघरातली कापसाची लांब वात दिली. तिला ग्रीस लावून काडीच्या टोकाला गुंडाळली आणि रिंगेवर अलगद टेकवली. मामा हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला, हातानं सावकाश फिरवत राहिले. वात एका जागी, रिंग तिच्याखालून सरकतेय. पहिली वात तांबडी होऊन आली, दुसरी करडी, सातवी जवळपास स्वच्छ. काही काळे कण रिंगेला घट्ट धरून होते, तेही चुंबकालाच चिकटलेले, ते आठव्या-नवव्या वातीला आले. शेवटची एक वात कोरडी फिरवली.

मग भोकाची भिंत. आत ग्रीस लावलेल्या फडक्याचा बोळा बसवला, म्हणजे घासलेलं पुन्हा रिंगेवर जायला नको. गोल लाकडी दांड्याला आधी १२० नंबरचा आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून हातानं फिरवलं. भोक मोठं करायचं नाही, फक्त गंज उतरवायचा. कान जिथे टेकतो ती सपाट जागाही तितकीच महत्त्वाची. सुरुवातीचा बिघाड तिथूनच झालेला, गंजानं कान उचलला होता. ती जागा सपाट कानशीनं चमकेपर्यंत घासली. दर थोड्या वेळानं नवा सेन्सर घालून बघत होतो. तिसऱ्या वेळी तो नुसत्या अंगठ्याच्या दाबानं आत गेला आणि कान सगळीकडून टेकला. "बास," मामा म्हणाले. बोळा काढला, पुन्हा दोन वाती फिरवल्या.

सेन्सरच्या अंगाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, टोक कोरडं ठेवलं. तांब्याची पूड असलेलं ग्रीस गॅरेजात सर्रास वापरतात, पण धातूचा कण असलेलं काहीही या सेन्सरजवळ मला नको होतं. बोल्ट लहान आहे, आट्यांच्या भागाशी सहा मिलिमीटरचा, त्याला जोर लागत नाही. बोटांनी पूर्ण बसवून वर गोटीनं जेमतेम पाव फेरा. वायर जुन्याच वाटेनं नेली, प्रत्येक रबर त्याच्याच क्लिपेत. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वायर कुठं ताणत नाही ना, टायरला घासत नाही ना, ते बघितलं. चाक चढवलं, गाडी खाली घेतली, नट आडवे-उभे फिरून आवळले.

चावी फिरवली. दिवा लागलेलाच होता. आईचा चेहरा पडला, पण मला ठाऊक होतं की कित्येक गाड्यांत चाकं फिरून चारही सेन्सर बोलल्याशिवाय तो विझत नाही. मामांना शेजारी बसवून गल्लीतून बाहेर काढली. मुख्य रस्त्याला लागून वीसचा वेग आला असेल, आणि दिवा विझला. मामा मीटरकडेच बघत होते. काही बोलले नाहीत, खिडकीची काच खाली केली.

तिथून ओल्या मैदानावर गेलो. आदल्या दिवशीच्या पावसानं माती निसरडी होती. मैदानात कुणी नाही याची खात्री करून चाळीसच्या वेगानं ब्रेक पूर्ण दाबला. पेडल जोरानं थरथरलं, यंत्र गुरगुरलं, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. उतरून मातीवरचे पट्टे बघितले. चारही चाकांचे ठसे तुटक तुटक होते, नक्षीसकट, फरफटल्याचा एकही सलग ओरखडा नव्हता. परत जाताना जांबोटी क्रॉसजवळचा गतिरोधक मुद्दाम घेतला. पेडल गप्प होतं.

खंडेनवमीला मामांनी त्यांची हत्यारं पाटावर मांडली तेव्हा अरुंद केलेलं ते पातंही त्यात होतं. आम्ही गाडी धुतली, या वेळी चाकांच्या आतूनही पाणी मारून, आणि आप्पांनी हार घातला. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन बेळगावला गेलो. दिव्याचं मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. मच्छे ओलांडल्यावर त्यांनीच विचारलं, "ते पिवळं काय पेटायचं ते आता पेटत न्हाई काय?"

पुढच्या रविवारी उजवं चाक काढलं. तिथला सेन्सर चालू आहे, पण तोही जाम होण्याआधी काढून ग्रीस लावून ठेवावा असं मनात होतं. दहाचा बोल्ट काढला, कडेनं तेल सोडलं, तासाभरानं दोन बोटांत धरून फिरवून बघितला. हलला नाही. पुन्हा तेल सोडलं, संध्याकाळी पुन्हा फिरवला, तरी नाही. तेव्हा कडेची लाल माती धुऊन काढली, वरून ग्रीसचा थर दिला, बोल्ट होता तसा आवळला आणि चाक चढवलं.